फाटकासमोरचा उतार फुटपाथमध्येच काढा

धुळे-जळगावच्या कॉलन्यांत फाटकासमोर, कर्बला (फुटपाथच्या रस्त्याकडच्या उभ्या काठाला) चिकटून रस्त्यावरच ओतलेला काँक्रीटचा उंचवटा हमखास दिसतो. गाडी त्यावरून चढते खरी, पण मोठा पाऊस झाला की कडेने वाहणारं पाणी तिथं तुंबतं आणि शेजाऱ्याच्या अंगणात शिरतं. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी तोच उचकटतो. म्हणून रस्त्याला हात न लावता कर्ब खाली घ्यायचा.

फुटपाथ घरासमोर असला तरी जागा सार्वजनिक आहे. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाची लेखी परवानगी घ्या. राज्य वा राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची. अर्जासोबत मापांचा साधा नकाशा द्या. खाली नळाची किंवा ड्रेनेजची लाइन आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्या. घरांची नळजोडणी बहुधा उथळ असते आणि पहिल्याच टिकावाला फुटते. रस्त्यावर नवा थर पडणार असेल तर तो होईपर्यंत थांबा, नाहीतर आज मोजून ठेवलेली उंची उद्या रस्त्याखाली जाते.

मापं अशी धरा. फाटक 3 मीटर असेल तर खाली घेतलेला कर्ब 3.6 मीटर, आणि दोन्ही बाजूंना 600 मिमी तिरके कर्ब. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे कर्ब 150 मिमीपेक्षा उंच नसावा. तो रस्त्यापासून 25 मिमी वर राहील इतकाच खाली घ्या. पूर्ण सपाट केला तर रस्त्याचं पाणी सरळ फाटकात येतं. 1.5 मीटर रुंद फुटपाथ असेल तर उतार फक्त रस्त्याकडच्या 600 मिमीत काढा. हा उतार साधारण 1:5 होतो, म्हणजे 5 लांबीला 1 चढ. गाडीला तो चालतो, व्हीलचेअरला नाही (तिला 1:12 लागतो). त्यामुळे भिंतीकडचा 900 मिमीचा पट्टा चालणाऱ्यांसाठी जवळपास सपाट ठेवा, पाणी निघण्यापुरता मीटरमागे 20 मिमी ढाळ देऊन. फाटकाचा उंबरा या पट्ट्यापेक्षा थोडा वरच हवा.

खानदेशात खरी डोकेदुखी काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा स्लॅब तडकतो. म्हणून 400 मिमी खोदा, काळी माती बाहेर काढा. 150 मिमी मुरूम दोन थरांत, पाणी मारून धुम्मसने ठोकून दाबा. त्यावर खडीचा 100 मिमी थर, फटी मुरमाने भरून दाबलेला, आणि वर 150 मिमी काँक्रीट. मुरूम भरून नुसतं पाणी सोडणं म्हणजे दबाई नव्हे. असा भराव वर्षभरात बसतो. कर्बही मातीवर टेकवू नका. खाली 100 मिमी 1:3:6 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट घाला आणि पाठीमागूनही काँक्रीटचा आधार द्या, नाहीतर चाकाच्या धक्क्याने तो हलतो.

3.6 बाय 1.5 मीटरच्या स्लॅबला 1:1.5:3 प्रमाणात सिमेंट 7 गोण्या, वाळू 12 घनफूट, 20 मिमी खडी 24 घनफूट आणि 8 मिमी सळई साधारण 30 किलो लागते. सळया दोन्ही दिशांनी 150 मिमी अंतरावर बांधा आणि जाळी वरच्या पृष्ठभागापासून 50 मिमी खाली राहील असे आधार द्या. पाणी गोणीमागे 25 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सहज पसरावा म्हणून मिस्तरी आणखी बादली ओततो, तिथे अडवा. कंपाउंडच्या भिंतीलगत 12 मिमी थर्माकोलची पट्टी ठेवा. वरचा भाग घोटून गुळगुळीत करू नका. खराट्याने आडव्या रेषा ओढा. रावेर-यावलकडे केळीने भरलेला ट्रॅक्टर आत जाणार असेल तर जाडी 200 मिमी आणि सळई 10 मिमी घ्या. खोदाईही तेवढीच वाढवा.

फुटपाथखालून गटार जात असेल तर त्यावर अखंड स्लॅब टाकू नका, सफाई कामगाराला तो उघडता येत नाही. तेवढ्या भागात सुटे ढापे (उचलता येणारी काँक्रीटची झाकणं) करा. 450 मिमी रुंद गटारीला 600 बाय 750 मिमीचा, 125 मिमी जाड ढापा; दोन्ही भिंतींवर 150 मिमी टेकू मिळतो. वजन 140 किलोच्या आसपास, म्हणून उचलायला कड्या ठेवा. इथे जाळी उलट खालच्या अंगाला हवी, तळापासून 25 मिमीवर, 10 मिमी सळयांची. ओतल्याबरोबर वरच्या अंगाला रंगाने ‘वर’ लिहा. उलटा बसलेला ढापा चाकाखाली मधोमध मोडतो. गटारीची वीट सुटलेली असेल तर आधी भिंत बांधा, मग ढापा.

काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी ओतलेला माल पाणी गमावून वरून केसासारखा तडकतो. तेव्हाच करायचं असेल तर संध्याकाळी ओता. दुसऱ्या दिवसापासून ओली पोती घालून किमान 10 दिवस सतत भिजत ठेवा. कार 14 दिवसांनी, भरलेला टेम्पो 28 दिवसांनी.