वर्षअखेरीची शाळेची बातमी घरोघर पोचवायची कशी

देवगड तालुक्यात खाडीलगतच्या एका वाडीत मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. मार्च ते १ मे या दिवसांत आमच्याकडे एकामागून एक काहीतरी चालूच असतं. गुढीपाडव्याची नवीन नावनोंदणी, पहिलीत येणाऱ्यांचा शाळापूर्व तयारी मेळावा, वार्षिक परीक्षा, चौथीचा निरोप, निकाल, दाखले. आणि नेमके हेच दिवस पालकांच्या अंगावर कामाचे असतात. सकाळी बागेत आंबे उतरवायचे, संध्याकाळी निवड, रात्री पेट्या भरायच्या. दर्यावर जाणाऱ्यांचीही धावपळच, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा हाती येईल ते मेअखेरपर्यंतच. अशा घरात शाळेची बातमी पोचवायची तर ती त्यांच्या कामाच्या वेळेत बसवावी लागते आणि त्यांच्या मुलाचं नाव घेऊन सांगावी लागते. एवढं जमलं की पालक येतात, हा माझा अनुभव आहे. नव्याने कोकणात रुजू झालेल्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयाबहिणींना उपयोग व्हावा म्हणून मी काय करते ते सांगते.

सुरुवात तारखेपासून करा. माझ्या तिसऱ्या वर्षी मी पालक मेळावा एप्रिलच्या मध्यावर, शनिवारी दुपारी चारला ठेवला. देवळातून खुर्च्या आणल्या, मांडव घातला, मुलांची तीन आठवडे तयारी करून घेतली. आल्या पाच बायका. बाकीच्या बागेत होत्या, आणि खाली किनाऱ्यावर त्याच वेळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागले होते, त्यामुळे पुरुषमाणूस एकही नव्हता. तिसरीतली एक मुलगी नाच संपवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाईनु, आवस (आई) सात वाजता येतली, तेव्हा परत नाचू?” संध्याकाळी आम्ही तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गेलो. पेट्या भरायला लावलेल्या बल्बच्या उजेडात ती नाचली. पेंढा अंथरणारे हात थांबले, शेजारच्या दोन घरांतली माणसं कुंपणाशी आली. त्या रात्रीपासून मी पालकांना विचारल्याशिवाय तारीख ठरवलेली नाही.

विचारायचं कोणाला? बागेत पेटी भरणाऱ्या बायकांपैकी एकीला, म्हणजे काढणी कुठल्या आठवड्यात जोरात असेल ते कळतं. तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याला, कारण कुठल्या तिथीला माणसं घरी असतात हे तो तिथीवर बोट ठेवून सांगतो. गावच्या मानकऱ्यांना, कारण शिमग्याची पालखी आपल्या वाडीत कधी येणार आणि देवळात पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. आणि ज्या हायस्कूलला आपली चौथीची मुलं जाणार तिथल्या एका शिक्षकाला. फेब्रुवारीअखेर ही चार बोलणी उरका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून टाका. आमच्याकडे अशा खुणा केल्या की दोनच वेळा मोकळ्या दिसतात: सकाळी नऊच्या आत, नाहीतर रात्री आठनंतर. रात्री मुलं पेंगतात, म्हणून मी शक्य ते सगळं सकाळवर आणलं.

१ मे हा यासाठी सोन्यासारखा दिवस आहे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतंच, आपला सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१ साली याच तारखेला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे भाषणाला विषय शोधावा लागत नाही. निकालही आम्ही त्याच दिवशी देतो. आणि मुंबईचे चाकरमानी सुट्टीला नुकते उतरायला लागलेले असतात, म्हणजे वर्षभर फोनवरच भेटणारे बाबा त्या दिवशी समोर उभे असतात. हा योग वाया घालवू नका. निकाल ३० तारखेला घाईघाईने वाटून मोकळं होण्यात काही अर्थ नाही.

आता निरोप. वर्षानुवर्षं आपण लिहितो: “सर्व पालकांना कळविण्यात येते की दि. १ मे रोजी निकाल वितरण व निरोप समारंभ आयोजित केला असून पालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.” हे वाचून कोणालाच वाटत नाही की आपल्याला बोलावलंय. मी आता असं लिहिते:

“१ मे, सकाळी ८ वाजता झेंडा. लगेच प्रत्येक मुलाचं प्रगतिपुस्तक त्याच्या घरच्या माणसाच्या हातात. साडेनऊला सगळं आटपेल. बागेत किंवा बाजाराला जायचं असेल त्यांनी आल्याआल्या सांगा, तुमचं आधी करू. चौथीच्या आईवडिलांनी मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड आणा. आजी-आजोबा आले तरी चालेल. कोकम सरबत आहे.”

किती वाजता सुटणार ते लिहाच. माणसाला यायचं असतं, पण अडकून पडायची भीती असते. आणि आई-वडील दोघंही बाहेर असलेली मुलं प्रत्येक वाडीत आहेत, तेव्हा आजी आली तर तिला “पालक कुठे?” असं कधी विचारू नका. तीच पालक.

हाच निरोप व्हॉट्सॲपवर टाकताना मी लिहून टाकत नाही, बोलून टाकते. चाळीस सेकंदांचा आवाज, त्याहून लांब नको. पेट्या भरताना हात गुंतलेले असतात, फोन बाजूला ठेवून ऐकता येतो. काही आजींना वाचता येत नाही, त्यांनाही ऐकता येतं. पहिलं वाक्य मालवणीत बोलते, कारण मग खळ्यातली सगळी माणसं कान देतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशी आमच्याकडे चार घरं आहेत. त्यांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि त्या घरांना शेजारचं मूल तोंडी निरोप देतं. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारते, “कोणाला सांगितलंस? काय म्हणाली?” उत्तर आलं तरच निरोप पोचला असं धरायचं.

फोटोंबद्दल एक गोष्ट कडकपणे पाळा. मुलाचा चेहरा ग्रुपवर टाकायचा तर घरच्यांची लेखी हरकत-नाहरकत वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा. श्रेणी, आधार क्रमांक, दाखल्याचा फोटो, यातलं काहीही ग्रुपवर जाता कामा नये. ज्याच्या घरचं त्यालाच.

वार्ताफलक मात्र मुलांच्या हातात द्या. आमचा एक फळा शाळेच्या पडवीत आहे आणि दुसरा, छोटा, एसटीच्या थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर, मालकाने आनंदाने जागा दिली. तिसरी-चौथीची दोन-दोन मुलं दर सोमवारी बातमी गोळा करतात. त्यांना मी प्रश्न पाच दिलेत: कोण, काय, कधी, कुठे, आणि तू हे कोणाला विचारलंस? पाचवा प्रश्न सोडायचा नाही. त्यामुळे ऐकीव गोष्ट फळ्यावर चढत नाही. अक्षर चार बोटं उंच, खडू पांढरा. एप्रिलमध्ये चौथीच्या दोघींनी लिहिलेली ही बातमी मी वहीत उतरवून ठेवली आहे:

“शाळेच्या बावडीचा पाणी तीन पायऱ्या खाली गेला. पोषण आहाराच्या मावशी दोन कळश्या घरून आणतात. आम्ही मावशींना विचारले. सगळ्यांनी बाटली भरून आणावी.”

मी यातला एकही मालवणी शब्द बदलला नाही. पायऱ्या मात्र स्वतः जाऊन मोजायला लावल्या, कारण पहिल्यांदा त्यांनी पाच लिहिल्या होत्या. बातमीत भाषेपेक्षा आकडा आधी तपासा. फळा लागला त्याच संध्याकाळी एका घरातून मोटारीचं पाणी पाइपने शाळेच्या टाकीत आलं. दोन सभांत मी हा विषय मांडला होता, पण टाकीत पाणी आलं ते त्या दोघींच्या चार ओळींनी.

निकालाच्या दिवशी माइकवरून नंबर वाचू नका. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, प्रगतिपुस्तकात श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी असतात, पहिला-दुसरा-तिसरा असं काही त्यात नाही. तरी पालक विचारतात, “पोरगो कितवो इलो?” रागावू नका, त्यांच्या वेळी तसंच होतं. त्यांना सांगायला आपल्याजवळ दुसरं काहीतरी ठोस हवं. मी प्रत्येक मुलासाठी एक वाक्य तयार करते, २३ वाक्यांना दोन संध्याकाळी जातात. “वाचनात प्रगती आवश्यक” असलं वाक्य घरी जाऊन काहीच करत नाही. त्याऐवजी: “साधे शब्द सरळ वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो. सुट्टीत बाजारात न्याल तेव्हा दुकानांच्या पाट्या त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.” किंवा: “हिशेब तोंडी चटकन करते, लिहिताना हातचा विसरते. पेट्यांचा हिशेब वहीत तिला लिहू द्या.” एका वडिलांनी खरंच लिहू दिला. जूनमध्ये ती मुलगी वही घेऊन आली, डझन, पेट्या, गाडीभाडं, सगळं खाली एक उभी बेरीज. हातचे वर बारीक अक्षरात लिहिलेले.

चौथीचा निरोप समारंभ म्हटला की भाषणं आणि रडारड होते, व्हावीही, चार वर्षं ही मुलं आपल्या अंगाखांद्यावर असतात. पण त्या घरांना त्या दिवशी खरी बातमी हवी असते ती पाचवीची. हायस्कूल कुठलं, एसटी किती वाजता, थांबा कुठला, डबा की तिथला आहार. पाचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीत मिळतो, हे प्रत्येक आईला तोंडाने सांगा. मागच्या वर्षी हायस्कूलला गेलेली दोन मुलं मी समारंभाला बोलावते. ती सांगतात गाडीत कुठे बसायचं, कोणत्या सरांचा तास कसा असतो. आमच्या भाषणांपेक्षा मुलं ते कान टवकारून ऐकतात.

दाखल्यावर वेळ घालवा. शाळा सोडल्याचा दाखला पुढे जन्मभर लागतो, आणि मूल शाळेतून गेल्यावर जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतली, दुरुस्ती फार जिकिरीची होते. एका वर्षी माझ्या हातून एका मुलीच्या आईच्या नावात एक वेलांटी चुकली. त्या बाईंनी दोन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घातल्या. आता छापायच्या आधी मी आईला शेजारी बसवते, जन्मदाखला समोर ठेवते आणि नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, असं एकेक मोठ्याने वाचते. वाचता येत नसेल तरी कानाला चूक कळते. एका घराला दहा मिनिटं लागतात.

बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीवरच्या कामगारांची मुलंही आपल्याच पटावर असतात. ती १ मेपर्यंत थांबतील याचा भरवसा नसतो, मुकादमाने म्हटलं की रात्रीत निघतात. म्हणून त्यांचं मूल्यमापन आणि कागद एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच पुरे करून ठेवा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देता येतं, दुसऱ्या गावच्या शाळेत ते दाखवलं की मूल बाहेर राहत नाही. सोबत त्याच्या चित्रांची वही द्या. गेल्या वर्षी असा एक मुलगा जायच्या आदल्या दिवशी फळ्यावर स्वतःच बातमी लिहून गेला, “मी उद्या गावाला जातो. माझा बाक खिडकीकडचा आहे.” तो बाक मुलांनी परीक्षेपर्यंत कोणाला घेऊ दिला नाही.

शाळापूर्व तयारी मेळाव्याचं साहित्य आणि सात टेबलांची मांडणी वरून ठरून येते, त्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच, मुलाच्या नावाची चिठ्ठी घरी आधी पाठवा, मुलाच्याच नावाने. साडेपाच वर्षांच्या पोराला आयुष्यातलं पहिलं पत्र आलं की ते आईला ओढून आणतं.

हिशेबही बातमीच आहे. ३१ मार्चनंतर शाळेला किती अनुदान आलं, कशावर गेलं, ते दहा ओळींत पडवीतल्या फळ्यावर लिहा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला, तेव्हा फळा लिहायला त्यांनाच उभं करा. लोकवर्गणीच्या यादीत पैसे देणाऱ्यांच्या शेजारी “दोन दिवस चिरे उचलले”, “मांडवाला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) दिली” हेही त्याच आकाराच्या अक्षरात यायला हवं. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून मे महिन्यात कौलं शाकारायला माणसं बोलवावी लागत नाहीत.

२ मेला सुट्टी लागते. त्याआधी टपरीवरचा फळा उतरवून आत ठेवा, वळिवाचा पाऊस कधीही येतो. पडवीतल्या फळ्यावर तेवढ्या दोन ओळी राहू द्यात: शाळा १५ जूनला उघडेल, सकाळची एसटी नेहमीच्या वेळेला. छत्रीवर नाव घालून आणा.