‘स्टार्व्ड’ म्हणजे उपाशी नव्हे

पुतणीची इंटर्नशिप संपत आलीय. दिवाळीत फोनवर तिनं विचारलं, "काका, प्लॅब देऊ की सरळ सॉफ्टवेअरकडे वळू?" (प्लॅब म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांनी ब्रिटनमध्ये काम करण्याआधी द्यायची परीक्षा.) स्पीकरला कान लावून तिच्या तीन मैत्रिणीही बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा बरंचसं अडखळत सांगितलं, ते आता जरा नीट लिहितोय. मी मिरजेचा एमबीबीएस. १९८३ साली इंग्लंडला आलो, यॉर्कशायरमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून उभी हयात काढली आणि हौस म्हणून प्रोग्रॅमिंगही केलं. आता निवृत्त आहे.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीला एका आजीबाईंना आणलं. कुडकुडत म्हणाल्या, "आय'म स्टार्व्ड, लव्ह." मी सिस्टरकडून टोस्ट मागवला आणि केसपेपरवर ‘खाणं कमी’ असं लिहूनही टाकलं. सिस्टर टोस्टऐवजी दोन ब्लँकेटं घेऊन आली. तिकडच्या जुन्या बोलीत ‘स्टार्व्ड’ म्हणजे थंडीनं गारठलेली! साधा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवत नाही, म्हणून कमी तापमानाचा वेगळा आणला. अंगाचं तापमान ३४ च्या जरासं वर. म्हणजे माझ्या इंग्रजीपायी आजीबाईंची अर्धीअधिक तपासणी टोस्टवर चालली होती. पुढं ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची तक्रार, ‘पूअरली’ म्हणजे आजारी, आणि यॉर्कशायरचा शेतकरी ‘नॉट सो बॅड’ म्हणाला तर लगेच ईसीजी काढायचा, हेही शिकलो. ऐकलेला शब्द आधी जसाच्या तसा लिहायचा आणि त्याचा अर्थ खाली वेगळा लिहायचा, ही सवय तिथून लागली.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती तुम्हा मुलांना माझ्याहून जास्त असते. पहिला भाग १८० प्रश्नांचा, तीन तासांचा, भारतात बसून देता येतो. दुसऱ्या भागासाठी मँचेस्टर गाठावं लागतं. तिथं १६ स्टेशन्स, म्हणजे रुग्ण तपासण्याचे छोटे प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं, आणि बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या भूमिकेत नट. आपल्याकडची हुशार मुलं इथं ज्ञानात कमी पडत नाहीत. ती नटाला बोलूच देत नाहीत, तिथं अडतात. आणि एक कडू गोष्ट: जीएमसीची, म्हणजे ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. जागांसाठी आता फार चढाओढ आहे आणि तिथल्या सरकारचा कल स्थानिक पदवीधरांना आधी घेण्याकडे आहे. एक-दोन वर्षं घरी बसायची तयारी, म्हणजे पैशाचीही, नसेल तर कर्ज काढून येऊ नका.

आता सॉफ्टवेअर. मी जीपी झालो तेव्हा रुग्णाचा सगळा इतिहास एका पिवळट पाकिटात कोंबलेला असे. त्याला लॉइड जॉर्ज पाकीट म्हणत, कारण १९११ च्या विमा कायद्यापासूनची ती पद्धत. नेहमीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहून बोटं दुखायची, म्हणून घरच्या बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकावर बेसिक भाषेत मी एक प्रोग्रॅम लिहिला. ३२ केबी मेमरी. महिन्यांचे दिवस एका ओळीत: ३१, २८, ३१... पुढं काय झालं असेल ते ओळखलंच असेल. २९ फेब्रुवारी १९८८, सोमवार. पडदा म्हणे, अशी तारीखच नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनी मला न सांगता दिवसभर १ मार्च टाकून चिठ्ठ्या छापल्या. संध्याकाळी केमिस्टचा फोन आला: "डॉक्टर, उद्याची औषधं आजच?" मला माझ्या चुकीपेक्षा बाईंच्या गप्प राहण्याचं जास्त वाटलं. तेव्हापासून नवीन काही बसवलं की पहिला आठवडा मी रिसेप्शनला खुर्ची टाकून बसायचो.

संगणक काय करू शकतो ते साऱ्या देशाला कळलं मँचेस्टरजवळच्या हाइडमधल्या डॉ. हॅरल्ड शिपमनमुळे. हा जीपी आपल्याच रुग्णांचे खून करायचा. रुग्ण मेल्यावर तो जुन्या तारखा घालून खोटी लक्षणं नोंदवायचा. नोंद खरोखर कधी टाकली, ती वेळ यंत्र मुकाट्यानं स्वतःशी ठेवत होतं, आणि कोर्टात तेच पुढं आलं. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी तो दोषी ठरला. त्यानंतर केमिस्टपासून कारकुनापर्यंत सगळे आम्हा जीपींकडे जरा निराळ्याच नजरेनं बघत.

पण यंत्राला माणूस कळतो असंही नाही. २००४ च्या नव्या करारात जीपींना कामाचे गुण आणि गुणांवर पैसे मिळू लागले. समोर नवरा गेलेली बाई रडतेय आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट लुकलुकतेय: धूम्रपानाची नोंद बाकी. मी ती चौकट कधी बंद केली, कधी निर्लज्जपणे विचारलंही.

तर पुतणीला सांगितलं, कोडिंग शीक, पण डॉक्टरकी सोडून नको. इंग्लंडात आरोग्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला डीसीबी ०१२९ या मानकानुसार क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, आणि तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकच हवा. ‘हे बटण चुकून दाबलं तर रुग्णाचं काय होईल’ हे विचारणं हेच त्याचं काम. वॉर्डात रात्री न काढलेल्याला ते सुचत नाही. शिवाय यासाठी विमानात बसायलाच हवं असंही नाही. आपल्या पुण्यातच सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि आरोग्य नोंदींसाठीचा १४ आकडी आभा क्रमांक आता लोकांच्या फोनवर आलाय. तिकडं माणसं लागणारच.

परदेशी राहण्याबद्दल तिनं विचारलं नाही, तरी सांगितलं. १९९७ साली सांगलीत अण्णांचे पाय सुजले. माझी रात्र, त्यांची पहाट. अण्णांचे रिपोर्ट कॉटखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, निम्म्यांवर तारीखच नाही. भाचा फोनवर एकेका गोळ्यांच्या पट्टीवरचं बारीक इंग्रजी एकेक अक्षर करून वाचत होता आणि मी हजारो मैलांवर ते पॅडवर उतरवत होतो. तिसरी पट्टी आणि पाचवी पट्टी, नावं वेगळी, डॉक्टर वेगळे, आत औषध एकच: अॅम्लोडिपिन, रक्तदाबाचं. दुप्पट डोस, म्हणून सूज. मी दोघांपैकी जुन्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक बंद केली. दोन आठवड्यांत पायांची सूज उतरली.

कोणती पट्टी ठेवायची यावर मात्र अण्णा अडून बसले होते. जी स्वस्त, ती.