बुडाले की बुडवले? युद्धात गेलेल्या जहाजाचा इतिहास कसा लिहावा

मोठे पाणी म्हणजे अंबाझरी किंवा फुटाळा एवढीच ओळख असलेल्या नागपूरकराने समुद्रावरच्या जहाजाचा इतिहास लिहावा, हे ऐकून काहींना हसू येईल; परंतु हे काम कागदपत्रांवर चालते आणि ते सीताबर्डीत बसूनही नीट करता येते. नमुन्यासाठी ‘कायझर विल्हेल्म डेर ग्रोस’ हे जर्मन प्रवासी जहाज घेऊ.

आधी तारखा वेगळ्या कराव्यात. या जहाजाचे जलावतरण 4 मे 1897 रोजी तेव्हाच्या जर्मनीतील श्टेटिन बंदरात झाले आणि पहिली सफर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. या दोहोंची गल्लत अनेक लेखांत आढळते. दुसरी गल्लत टनांची. या जहाजापुढे लिहिलेले 14,349 स्थूल टन हे त्याचे वजन नव्हे. स्थूल टन हे आकारमानाचे माप असून त्यातला एक टन म्हणजे शंभर घनफूट बंदिस्त जागा. चार धुराडी असलेले हे पहिले प्रवासी जहाज होते, ही नोंद एका वाक्यात पुरे.

त्यानंतर जहाज शत्रूच्या तावडीत का सापडले, याचा शोध घ्यावा. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर 1914 च्या ऑगस्टमध्ये त्यावर तोफा चढवून व्यापारी जहाजे पकडण्यासाठी त्याला अटलांटिकात पाठवण्यात आले. त्याने तीन जहाजे बुडवली. स्त्रिया व मुले असलेली ‘गॅलिशियन’ आणि ‘आर्लान्झा’ ही जहाजे मात्र सोडून दिली. वेगासाठी बांधलेल्या या जहाजाची कोळशाची भूक अफाट होती, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, स्पेनच्या ताब्यातील रिओ दे ओरो येथे कोळसा भरत असतानाच 26 ऑगस्ट रोजी ब्रिटिश युद्धनौका ‘हायफ्लायर’ने त्याला गाठले.

खरी कसोटी येथून पुढे क्रियापदाची आहे. आमच्या तोफांनी ते बुडवले, असे ब्रिटिशांचे म्हणणे; दारूगोळा संपल्यावर आम्हीच ते बुडवले, असे जर्मनांचे. ‘बुडाले’ लिहिले तर कर्ता नाहीसा होतो, ‘बुडवले गेले’ लिहिले तर तो असूनही दिसत नाही, आणि नुसते ‘ब्रिटिशांनी बुडवले’ लिहिले तर आपण नकळत एका पक्षाचे वकील होतो. एकाला विजय हवा होता, दुसऱ्याला शरणागतीचा डाग नको होता, हे ध्यानात ठेवून दोन्ही दावे ज्याच्या त्याच्या नावावर मांडावेत. माझ्या मते तोफांचा मारा आणि जर्मनांची स्वतःची कृती एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पण हे मत आहे, आणि ते मत म्हणूनच लिहावे. (इंग्रजी वाचून जहाजाला ‘ती’ म्हणण्याचा मोहही टाळावा, मराठीत ते ‘ते’च आहे.)

तटस्थ स्पेनच्या हद्दीत ही लढाई झाल्याबद्दल त्या देशाने निषेध नोंदवला, हेही वगळू नये. शेवट बुडण्यापाशी करू नये: उथळ पाण्यात आडवा पडलेला सांगाडा 1952 मध्ये भंगारात निघाला, तेथवर नोंद न्यावी.