चावीच्या घड्याळाचा स्टेम बदलताना

वेळ लावण्यासाठी चावी बाहेर ओढावी आणि ती दांड्यासकट हातात यावी, हा अनुभव चावीची जुनी घड्याळे वापरणाऱ्यांना केव्हा ना केव्हा येतोच. हा बारीक दांडा म्हणजे स्टेम. तो पोलादी असतो, आणि पुण्याच्या पावसाळ्यात दुचाकी चालवताना रेनकोटच्या बाहीतून मनगटाशी साचणारे पाणी चावीच्या झिजलेल्या गास्केटमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यातून) आत शिरले, की सर्वात आधी गंज धरतो तो तिथेच. स्टेम बदलणे अवघड नाही. मात्र या कामात दोन क्षण असे आहेत, की तिथे घाई केली तर किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होऊन बसते. त्या दोन्ही ठिकाणी मी मुद्दाम जास्त थांबणार आहे.

प्रथम दोष स्टेमचाच आहे याची खात्री करावी. चावी ओढल्यावर काटे नीट फिरतात, पण चावी देताना ती नुसतीच गरगर फिरते, तर स्टेम शाबूत असून मुख्य स्प्रिंग तुटलेली किंवा आतील दाते झिजलेले असण्याची शक्यता अधिक. चावी एकटीच फिरते आणि काटेही हलत नाहीत, तर चावीचे आटे गेले आहेत किंवा स्टेम मोडला आहे. चावी स्टेमसह सुटून येते आणि पुन्हा ढकलली तरी टिकत नाही, तर सेटिंग लिव्हरचा, म्हणजे स्टेमला जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचा, स्क्रू ढिला झाला आहे किंवा लिव्हरची खुंटी ज्या खाचेत बसते ती खाच झिजली आहे. नुसता स्क्रू ढिला असेल तर तो आवळून काम भागते, नवा स्टेम लागत नाही.

साधने मोजकीच लागतात: डोळ्याला लावायचे भिंग, एक मिलिमीटरच्या आसपास पात्याचे चांगले स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, स्टेम पकडायला छोटा पिन व्हाइस, तार कापायची धारदार पक्कड, बारीक कानस आणि व्हर्निअर. टेबलावर पांढरा कागद अंथरावा, म्हणजे उडालेला स्क्रू दिसतो.

दाबून बसवलेले मागील झाकण असेल तर कडेची खाच शोधून तिथूनच पाते सरकवावे. आट्याचे झाकण असेल तर त्याचा पान्हा वापरावा. घड्याळ तबकडी खाली करून सपाट ठेवावे आणि स्टेम बाहेर असेपर्यंत ते उचलू किंवा हलवू नये, कारण स्टेमवर ओवलेले क्लच आणि वाइंडिंग पिनियन हे दोन भाग त्याच्याविना नुसत्या आधारावर राहतात. नुसता स्टेम काढण्यासाठी मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवणे अनिवार्य नाही, तरी मी तो नेहमी उतरवतो: चावी बोटांत घट्ट धरून क्लिक, म्हणजे स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिट्टी, हलकेच बाजूला सारायची आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची.

आता पहिला नाजूक क्षण. स्टेम जिथे मशीनमध्ये शिरतो तिथेच जवळ सेटिंग लिव्हरचा स्क्रू असतो. काही यंत्रांत त्याऐवजी दाबायचा छोटा ठिपका असतो. हा स्क्रू पूर्ण काढायचा नसतो. एका हाताने चावी अगदी हलकी ओढून धरावी, दुसऱ्या हाताने स्क्रू थोडा थोडा सैल करावा आणि स्टेम सरकू लागताक्षणी थांबावे. बहुधा एक ते दीड फेरा पुरतो. त्याहून जास्त फिरवला तर लिव्हर स्क्रूवरून सुटून तबकडीच्या बाजूला पडते, आणि मग ती जागेवर बसवण्यासाठी काटे, तबकडी आणि सगळी जुळणी काढावी लागते. ठिपक्याच्या यंत्रातही जोर लावू नये, स्टेम सुटण्यापुरताच दाब द्यावा.

स्टेम हातात आला की तो भिंगाखाली नीट पाहावा. आतल्या टोकाला गोल अणी, मग क्लचसाठी चौकोनी भाग, पुढे वाइंडिंग पिनियनचा गोल खांदा, त्यानंतर लिव्हरची खाच आणि शेवटी चावीचे आटे. चौकोनाच्या कडा गोलसर झाल्या असतील, किंवा खाचेची धार चमकदार आणि उतरती दिसत असेल, तर कारण सापडले. स्टेम खाचेपाशी मोडून आतला तुकडा राहिला असेल, तर मोडक्या टोकाला टोकदार काडी किंवा चिमटा लावून तो सरळ रेषेत बाहेर काढता येतो का ते पाहावे. नाही निघाला तर तबकडी काढण्याचे काम अनुभवी कारागिराकडे द्यावे.

नवा स्टेम घ्यायचा तो मशीनच्या क्रमांकावरून, घड्याळाच्या नावावरून नव्हे. हा क्रमांक मुख्य पट्टीवर, बऱ्याचदा बॅलन्सच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या) आसपास कोरलेला असतो. आट्यांचा व्यासही जुळावा लागतो. उदाहरणार्थ, ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ या यंत्राच्या स्टेमचे आटे ०.९० मिलिमीटरचे असतात आणि चावीही त्याच मापाची लागते. एचएमटीची गोष्ट वेगळी आहे. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेला हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे एचएमटीच्या जनता किंवा पायलट या घड्याळांचे नवे सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात बंद पडलेले त्याच यंत्राचे घड्याळ मिळाले तर ते सुट्या भागांसाठी घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मोडका स्टेम चावीतच अडकला असेल आणि चावी पितळी असेल, तर किराणा दुकानातील तुरटी कामाला येते. काचेच्या वाटीत कोमट पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून चावी त्यात बुडवून ठेवावी. पोलादावर बारीक बुडबुडे येऊन ते हळूहळू काळे पडून विरघळते, पितळ शाबूत राहते. काही तासांनी, कधी दिवसभराने, पाणी बदलावे लागते. चावीतले रबरी गास्केट आधी काढून घ्यावे, आणि यंत्राचा कोणताही भाग या पाण्याजवळ आणू नये.

दुसरा नाजूक क्षण कापण्याचा. नवा स्टेम लांब मिळतो. त्यावर चावी पूर्ण आवळावी, स्टेम यंत्रात घालून चावी देण्याच्या स्थितीत बसवावा आणि चावी व केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) यांच्यातील अंतर मोजावे. तेवढाच भाग आट्यांच्या टोकाकडून कमी करायचा असतो. पण कापताना मोजलेल्या अंतरापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर कमीच कापावे आणि उरलेले कानशीने घासत, दर वेळी चावी लावून पाहत, मापात आणावे. मी पहिल्यांदा एका जनताचा स्टेम एकदम मापाला कापला; तो आखूड झाला, चावी केसला टेकून राहिली आणि स्टेम पुरेसा आत जाईना. लांब स्टेम घासता येतो, आखूड वाढवता येत नाही. कापल्यावर टोकाची खरखर काढून आटे स्वच्छ करावेत. हे सर्व पिन व्हाइसमध्ये धरून, यंत्रापासून दूर करावे, म्हणजे पोलादाचा कीस आत जाणार नाही.

चावी बसवताना आट्यांवर कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) सुईच्या टोकाएवढा थेंब पुरे. चौकोनी भागावर आणि खाचेवर किंचित ग्रीस लावावे. स्टेम आत सरकवताना तो बोटांनी हलकेच फिरवत राहावा, म्हणजे चौकोन क्लचच्या छिद्रात आपोआप जुळतो. तो जुळल्यावर स्क्रू आवळावा. मग किमान दहा वेळा चावी ओढून काटे फिरवावेत, आत ढकलून चावी द्यावी. बसण्याचा टक्क आवाज दर वेळी सारखा यायला हवा, आणि चावी केसला न घासता अगदी बारीक अंतर ठेवून फिरायला हवी. स्टेम आत सरकवण्यापूर्वीच चावीचे गास्केट नवे घालून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा.