हँगरमध्ये सही करायच्या आधी काय बघायचं: कोल्हापूरच्या एएमई पोरांसाठी

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला शॉपमध्ये हात बसलेली आपली पोरं एएमई (विमान देखभाल-दुरुस्तीचं इंजिनिअरिंग) करून विमानाच्या लाईनला जाताहेत, लय भारी वाटतं बघून. पण एक गोष्ट जायच्या आधीच डोक्यात पक्की करा. आपल्याकडं जो मिस्त्री बोल्ट बोटांत फिरवून साईज सांगतो तो हुशार समजतात, आणि शॉपमध्ये तो हुशार असतोच, पण हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, जिथं काम बरोबर झालं म्हणून तुम्ही सही करता, नेमकी हीच सवय घात करते.

1990 सालची ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाईट 5390 ची केस नीट वाचा. बर्मिंगहॅमला रात्री 3 ते 5 च्या दरम्यान कॉकपिटची काच बदलली, माणसं कमी होती म्हणून शिफ्ट मॅनेजर स्वतः कामाला बसला, अनुभवी माणूस. त्यानं जुना बोल्ट काढला आणि त्याच्यासारखे शोधायला गेला. स्टोअरवाल्यानं सांगितलं की या कामाला 8डी (बोल्टच्या पार्ट नंबरचा शेवटचा भाग, त्यावरनं साईज कळते) लागतात, पण जुने 7डी होते आणि इतकी वर्षं चालले होते, म्हणून त्यानं 7डीच घ्यायचं ठरवलं, तिथं पुरेसे नव्हते म्हणून दुसऱ्या स्टोअरला गेला, उजेड कमी, लेबलं पुसट, आणि तिथं नजरेनं जुळवून 8सी उचलले. 90 पैकी 84 बोल्ट 0.026 इंचानं बारीक. बोल्ट ठरलेल्या ताकदीला आवळला की येतो तो टॉर्कचा क्लिक आल्यासारखा वाटला, खरं तर आटे घसरत होते. त्यानंतरच्या पहिल्याच फ्लाईटला 17,300 फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. क्रूनं पाय धरून ठेवले म्हणून वाचला.

म्हणून पहिलं काम: काढलेल्या पार्टवरनं नवीन पार्ट कधीच मागायचा नाही. काढलेलाच चुकीचा असू शकतो, इथं होताच. आयपीसी (चित्रांसकट पार्ट नंबरांचं पुस्तक) उघडा, तिथला पार्ट आपल्या विमानाच्या नंबरला लागू होतोय का बघा, पार्ट नंबर कागदावर लिहा, पाकिटावरचा नंबर त्याच्याशी अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचून जुळवा, शेवटचं अक्षर सोडू नका, सगळा घोळ तिथंच होतो. वाचायला चष्मा लागत असेल तर तो खिशात नको, डोळ्यावर पाहिजे. आणि स्टोअरवाला काही वेगळं बोलला तर थांबा, तो दिवसभर तेच पार्ट हाताळतोय.

दुसरं, हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवणं. तोंडी सांगितलेलं धरायचंच नाही. 11 सप्टेंबर 1991 ला अमेरिकेत काँटिनेंटल एक्सप्रेसचं विमान हवेतच तुटलं, 14 जण गेले, कारण आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे वरचे 47 स्क्रू काढले होते आणि पुढच्या शिफ्टला ते कागदावर कळलंच नाही. स्क्रू काढला त्याच मिनिटाला टास्क कार्डवर (त्या कामाच्या कागदावर) नोंद करा, काम संपल्यावर नाही. काढलेले स्क्रू पिशवीत घालून त्याच जागी बांधा, रेड टॅग लावा, म्हणजे कागद कुणी वाचला नाही तरी पिशवी लोंबकळताना दिसते.

दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच माणसानं एकाच रात्री करू नये. 1983 ला ईस्टर्नच्या एल-1011 च्या तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरला (तेलातले धातूचे कण पकडणारा पार्ट) ओ-रिंगच, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगाच, नव्हत्या, तेल गळून एकामागनं एक इंजिनं बंद पडली, एक परत सुरू झालं म्हणून मायामीला उतरले. काम वाटून द्यायला माणूसच नसेल तर निदान दुसऱ्याकडनं तपासून घ्या.

आता अवघड भाग, प्रेशर. पहाटे विमान लाईनवर पाहिजे असतं आणि सिनियर मागं उभा असतो. 2001 ला एअर ट्रान्सॅटच्या ए330 ला इंजिन बदलताना जुन्या इंजिनाचा हायड्रॉलिक पंप नवीनवर बसवला, सर्व्हिस बुलेटिन (कंपनीनं काढलेला बदलाचा कागद) कॉम्प्युटरवर उघडेना, वेळ कमी, फोनवर बोलून काम तसंच पुढं रेटलं. पाईप एकमेकांना घासून फ्युएल लाईन फुटली आणि विमान दोन्ही इंजिनं बंद पडून अझोर्सला ग्लाईड करत उतरलं, सगळे वाचले. इंजिन बदलताना कागद उघडेना एवढं कारण काम थांबवायला पुरेसं होतं.

थांबवायचं कसं, तर वाद घालू नका, हे वाक्य पाठ करून ठेवा: "सर, मॅन्युअलमध्ये मला हे सापडत नाही, टेक सर्व्हिसेसकडनं लेखी येईपर्यंत मी सही करत नाही." (टेक सर्व्हिसेस म्हणजे कंपनीचा तांत्रिक सल्ला देणारा विभाग.) आवाज चढवायचा नाही. अजून एक, निर्णय म्हणजे आत्ता दुरुस्त करा नाहीतर विमान उभं करा असे दोनच रस्ते नसतात, एमईएल (काय बिघडलेलं असताना विमान उडवता येतं याची मंजूर यादी) बघा, काही डिफेक्ट नियमानं पुढं ढकलता येतात, कॅटेगरी बी 3 दिवस, सी 10, डी 120. पण एमईएलमध्ये नसलेलं मनानं ढकलायचं नाही.

आणि घरी येऊन आंघोळ करताना आठवलं की अरे, तो लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) घातला का, तर सकाळी बघू असं करू नका. शिफ्टचा नंबर फेव्हरेटमध्ये ठेवा, त्याच मिनिटाला फोन करा, विमानाचा नंबर, जागा आणि नेमकी काय शंका आहे एवढं सांगा, विमान उडालं असलं तरी सांगा, पुढं काय करायचं ते तिथली माणसं ठरवतील.