बाळंतपणासाठी हॉस्पिटल निवडताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत मिळून २९ वर्षं मी सिस्टर म्हणून काम केलं. निवृत्त झाले तरी महिन्यातून दोन-तीन फोन येतातच. "सिस्टर, सुनेला सातवा लागला. कुठलं हॉस्पिटल बरं?" मी विचारते, तुम्ही काय काय बघून आलात? खोली बघितली. एसी आहे, सोबतच्या माणसाला झोपायला कोच आहे, जेवण चांगलं देतात, बाळाचे फोटो काढून देतात. ज्यावर आईचा आणि बाळाचा जीव अवलंबून असतो ते मात्र कुणी विचारलेलं नसतं. तेच तेच सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

गोव्यात घरातली बाळंतपणं आता जवळजवळ संपली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथली ९९ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. दवाखान्यात जायला हवं हे कुणाला पटवावं लागत नाही. घोळ होतो तो कुठल्या दवाखान्यात जायचं हे ठरवताना.

खोली बघून हॉस्पिटल ठरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती माझ्या घरातच झाली.

माझ्या नणंदेच्या मुलीने नाव घातलं ते एका खासगी नर्सिंग होममध्ये. जागा स्वच्छ, डॉक्टरबाई हुशार आणि प्रेमळ. "बाळांसाठी वेगळी रूम आहे" असं सांगितलं होतं. मी तेव्हा नोकरीत होते, बरोबर गेले नाही. पस्तिसाव्या आठवड्यात एका रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. तिला तिथे नेलं तर रक्तदाब १७० वर ११०. डॉक्टरबाई पाच मिनिटांत आल्या, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि सिझेरियनचा निर्णय घेतला. निर्णय अगदी बरोबर होता. पण भूलतज्ज्ञ तिथले नव्हते. ते फोनवर बोलावल्यावर येणारे, आणि त्या रात्री दुसऱ्या शहरात दुसऱ्या ऑपरेशनला उभे होते. ते पोचायला सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर काढला. त्या अवस्थेत काय काय होऊ शकतं हे ठाऊक असलेल्या माणसाला सव्वा तास फार मोठा असतो.

मुलगी झाली. वजन एक किलो ९००. रडली, पण थोड्या वेळाने श्वास भरभर चालायला लागला, छाती आत ओढली जाऊ लागली. बाळांच्या त्या वेगळ्या रूममध्ये एक वॉर्मर होता आणि काविळीसाठीचा निळा दिवा. श्वासाला आधार द्यायचं यंत्र नव्हतं. १०८ रुग्णवाहिका बोलावली आणि बाळ बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलं, बरोबर बाप. आईचा रक्तदाब अजून वर, पोटाला टाके, ती इथेच. चार दिवस तिने स्वतःचं मूल पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. नणंद ते उकळलेल्या वाटीत काढायची, बाटलीत भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि कदंबाच्या बसने बांबोळीला पोचवायची. दिवसातून दोन फेऱ्या. मूल वाचलं, आता बालवाडीत जातं. पण त्या चार दिवसांत माझी भाची आतून मोडली होती, आणि तिला सावरायला पुढचे कित्येक महिने लागले.

तिथल्या डॉक्टरबाईंचं मी काहीच वाईट म्हणणार नाही. त्यांनी हाताशी होतं त्यात सगळं केलं. चूक आमची. काय हाताशी आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून कुणाबरोबर हॉस्पिटल बघायला जायचं तर मी रविवारी रात्री नऊला जाते. सकाळी अकराला सगळी हॉस्पिटलं चांगली दिसतात. डॉक्टर असतात, रिसेप्शनवर हसून बोलणारी मुलगी असते, लिफ्ट चालू असते. रविवारी रात्री खरोखर कोण असतं ते कळतं. मी विचारते: रात्री दोनला तातडीचं सिझेरियन लागलं तर भूलतज्ज्ञ कुठून येतात, किती वेळात? बाळ बाहेर येताना बालरोगतज्ज्ञ खोलीत असतात का? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर इथे ठेवता की पाठवता? पाठवता तर कुठे, आणि आईचं काय? रक्त कुठून आणता? वीज गेली तर थिएटरला जनरेटर आहे का? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही, सरळ उत्तरं मिळतात. "आम्ही पाठवतो बांबोळीला" हेही सरळ उत्तर आहे, त्याचा मी मान ठेवते. "तुम्ही काळजी करू नका हो, सगळं आहे" एवढंच ऐकू आलं, की त्या जागेचं नाव मी खोडते.

लहान नर्सिंग होम वाईट असतं असा याचा अर्थ काढू नका. तब्येत ठणठणीत आहे, पहिल्यापासून एकच डॉक्टर बघताहेत, घर दहा मिनिटांवर आहे, अशा बाईचं बाळंतपण तिथे उत्तम होतं. पण रक्तदाब, साखर, जुळं, आधीचं सिझेरियन, वार (नाळ जिला जोडलेली असते ती) खाली असणं, यातलं काहीही असेल तर आई आणि बाळ दोघांचीही सोय एकाच छपराखाली हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची खास तपासणी असते. तिथे जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो स्टिकर दिसला की एसी आणि कोचाची चर्चा बंद करा.

"बांबोळी म्हणजे शेवटचा उपाय"

हे वाक्य शिकलेल्या घरांतूनच जास्त ऐकू येतं. ज्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजेच बांबोळी) मुळं १८४२ सालच्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात, तिथे आधीपासून नाव घालायला लाज वाटते, आणि रात्री तीनला मूल निळं पडलं की तिथेच धाव घ्यायची! आधी नोंद असेल तर तुमचे कागद, रक्तगट, सोनोग्राफी सगळं त्यांच्या हाती असतं. ऐनवेळी पोचलात तर तुम्ही त्यांना अनोळखी असता. गर्दी असते, खाट सामायिक वॉर्डात मिळते, मान्य. पण तिथे रात्री दोनला माणसं जागी असतात.

बांबोळीच हवी असंही नाही. म्हापशाचं जिल्हा रुग्णालय (जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात), मडगावचं जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं हॉस्पिसियो, फोंड्याचं आणि चिखलीचं उपजिल्हा रुग्णालय, हे सगळे पर्याय समोर ठेवा आणि वरचेच प्रश्न तिथेही विचारा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरापासून जायची-यायची गाडी, कशालाच पैसे नाहीत. हे माहीत नसल्यामुळे सोनं गहाण ठेवून खासगीत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

माहेरी जाताना फाईल सासरी ठेवणं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मला ती आवडते. आईच्या हातची खीर, तेलपाणी, शेकशेगडी याला तोड नाही. पण रीत पाळताना बाई आठव्या-नवव्या महिन्यात डॉक्टर, दवाखाना आणि तालुका सगळंच बदलते, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

मी आरोग्य केंद्रात रात्रपाळीला होते. पावसाळा. वास्कोला दिलेली एक मुलगी सत्तरीत माहेरी येऊन चार दिवस झाले होते. छत्तिसावा आठवडा. रात्री एकच्या सुमाराला तिची आई तिला घेऊन आली. अंगावरून लाल जातंय, पोटात मात्र दुखत नाही. दुखत नाही म्हणून आई निर्धास्त होती. मी निर्धास्त नव्हते. न दुखता रक्त जातं तेव्हा वार खाली असल्याची शंका आधी घ्यायची असते, आणि वारेची जागा कळल्याशिवाय आतून तपासायचंच नसतं. बोट लागलं तर रक्ताचा लोट सुरू होतो. म्हणजे आमचे हात बांधलेले. सोनोग्राफी कुठे? वास्कोला, कपाटात. रक्तगट? "पॉझिटिव्ह असेल." असेल म्हणजे? मुलीला आठवेना.

एकीकडे डॉक्टरांनी सलाईन लावून १०८ बोलावली, दुसरीकडे मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो झोपेतून उठला, कपाट उचकलं, फाईल सापडायला वीस मिनिटं गेली. व्हॉट्सअॅपवर फोटो आले ते अंधुक, वाळपईचं नेटवर्क त्या पावसात जेमतेम. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. सोनोग्राफीत स्पष्ट लिहिलेलं: वार गर्भाशयाच्या तोंडावर. आणि रक्तगट ओ निगेटिव्ह. हा कागद हाती होता म्हणून बांबोळीला फोन करून आधीच सांगता आलं, ओ निगेटिव्ह रक्त लागणार आहे. ती पोचली तेव्हा तिथे तयारी होती. मुलाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, म्हणून आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शनही मिळालं. ते राहिलं असतं तर पुढच्या गरोदरपणात बाळाच्या रक्ताला धोका होता. फाईल बॅगेत असती तर ती वीस मिनिटं वाचली असती. आणि खरं सांगायचं तर वार तोंडावर असलेल्या मुलीला मोठ्या हॉस्पिटलपासून इतकं दूर न्यायलाच नको होतं. वास्कोच्या डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. घरात कुणी विचारलं नाही, कारण रीत म्हणजे रीत.

माझा नियम असा. माहेरी जायचं असेल तर बत्तिसाव्या आठवड्याच्या आत जा, आणि पोचाल त्याच आठवड्यात तिथल्या हॉस्पिटलात नाव घाला. फाईल बाईच्या पिशवीत राहील, नवऱ्याच्या कपाटात नाही. प्रत्येक पानाचा उजेडात काढलेला फोटो नवऱ्याकडे, आईकडे आणि सासूकडे. रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, वारेची जागा आणि अॅलर्जी एका चिठ्ठीवर लिहून ती माता-बाल कार्डाला पिनने लावा. मी हे प्रत्येकीला करायला लावते. काहीजणी म्हणतात, "सिस्टर, सगळं मोबाईलमध्ये आहे." मोबाईलची बॅटरी कळांच्या वेळी हमखास संपलेली असते. कागदच हवा.

किलोमीटर मोजणं

"गोवा केवढासा, अर्ध्या तासात पोचू." हे म्हणणारा माणूस दुपारी रिकाम्या रस्त्यावरून गेलेला असतो. काणकोणहून मडगावला येताना करमल घाट उतरायचा आहे, तोही कळा देणारी बाई मागच्या सीटवर घेऊन. चतुर्थीआधी माटोळीच्या बाजाराच्या दिवशी म्हापशात शिरून बघा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, वर्षअखेरीला पर्यटकांच्या गाड्या, कार्निव्हलच्या शनिवारी पणजी. दिवाडीसारख्या बेटावरच्या माणसांना फेरीबोटीचा हिशेब वेगळा करावा लागतो. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून दक्षिणेकडून बांबोळी जवळ आली, तरी वेळ मोजायची ती घड्याळाने. तारखेच्या आसपास कुठले सण आहेत ते कालनिर्णयात बघा आणि एकदा रात्री, एकदा गर्दीत, स्वतः गाडी घेऊन जाऊन या. आणि रक्तस्राव, झटके असं काही असेल तर स्वतःची गाडी काढूच नका, १०८ लावा. त्यात प्राणवायू आणि शिकलेला माणूस असतो.

बाकीच्या, थोडक्यात

जावेचं तिथे चांगलं झालं म्हणून तिथेच जाणं. जावेचा रक्तदाब तुमचा नाही.

पॅकेजचा आकडा ऐकून सही करणं. त्यात बाळाचा अतिदक्षता विभाग, रक्त, भूलतज्ज्ञाची फी आणि जास्तीचे दिवस धरलेत का ते लिहून घ्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे म्हणून गाफील राहू नका, तुमच्या बाबतीत काय मिळेल ते आधी काउंटरवर विचारा.

मुहूर्त काढून सिझेरियन. याचा मला मनापासून राग येतो. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणाप्रमाणे गोव्यात दर १० बाळांतली जवळजवळ ४ सिझेरियनने जन्मतात, देशात साधारण २. गरज असेल तेव्हा सिझेरियन जीव वाचवतं, माझ्या भाचीचा वाचवला. पण चांगलं नक्षत्र गाठायला सदतिसाव्या आठवड्यात काढलेल्या बाळाची फुप्फुसं तयार नसली तर त्याचे पहिले दिवस काचेच्या पेटीत जातात. जे हॉस्पिटल तुमच्या भटजीची तारीख लगेच मान्य करतं तिथे जाऊ नका.

सोबत कोण राहू देतात हे न विचारणं. सरकारी लेबर रूममध्येही एक बाई सोबत असावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. घाबरलेल्या मुलीचा हात धरायला कुणीतरी असलं की ती कळा नीट देते, हे मी रोज पाहिलं.

जन्मनोंदणीकडे शेवटी बघू म्हणणं. नोंद बाळ जन्मलं त्या ठिकाणच्या कार्यालयात होते, तुमच्या गावच्या पंचायतीत नाही, आणि मुदत २१ दिवसांची असते. डिस्चार्जच्या दिवशी फॉर्मवर आई-वडिलांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहिली आहेत का, हे स्वतः वाचा. एका चुकलेल्या अक्षरासाठी लहान मूल काखेत घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या आया माझ्याकडे येऊन रडल्या आहेत.