पुल-अपला सरसकट दहा के ठोकताय? या चुका टाळा

पुल-अप म्हणजे चिपची पिन मोकळी असताना तिला सप्लायच्या व्होल्टेजकडे, म्हणजे हायकडे, ओढून ठेवणारा रेझिस्टर. बटण दाबलं की पिन ग्राउंडला जाते, म्हणजे लो होते. पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, बटणाला १० के, म्हणजे १० किलोओहमचा पुल-अप लावलेला असतो, आणि १० केच का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, व्हिडिओत तोच होता." बरं, बटणाला १० के चुकीचा नाही. ५ व्होल्टवर बटण दाबलं की अर्धा मिलिअँप जातो, पिनला पुरतो, विषय संपला. बोंब होते ती हाच १० के जगातल्या प्रत्येक पिनला चालतो असं धरून बसल्यामुळे, किंवा त्याहून वाईट म्हणजे बाहेर काहीच न लावता कोडात इनपुट-पुलअप लिहून, म्हणजे चिपच्या आतलाच पुल-अप चालू करून मोकळं झाल्यामुळे. व्हॅल्यू ठरते ती लाइन खाली कोण ओढतंय, वायर किती लांब आहे आणि सिग्नल किती फास्ट आहे यावर.

माझं सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच, लांब वायरला आतला पुल-अप. आर्डुइनो उनो बोर्डावरच्या एटमेगा ३२८पी चिपमधला पुल-अप २० ते ५० के असतो, म्हणजे ५ व्होल्टवर त्याचा जोर जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँप. ब्रेडबोर्डवर चार इंचाच्या वायरला ठीक आहे. पण एका पोरानं तो चोपड्याकडच्या केळीच्या बागेत लावला, काकांच्या टाकीत पाण्याच्या पातळीनं चालू-बंद होणारा फ्लोट स्विच, तिथून बांधाबांधानं वायर थेट स्टार्टरच्या खोलीपर्यंत, टाकी रिकामी झाली की पिन लो होणार आणि मोटार चालू. घरी टेबलावर एकदम भारी चालला. बागेत बसवल्यावर काकांचा फोन, "भाऊ, मोटार रातले आपोआप चालू व्हई जास." टाकी भरलेली, तरी मोटार चालू, पाणी बांधावरून वाहतंय. पुतण्यानं बोर्ड बदलला, रिले बदलला, कोड तर रोजच बदलत होता.

मी गेलो तर आधी वायर बघितली. फ्लोटची साधी दोन तारी वायर आणि मोटारची थ्री फेज केबल एकाच पाइपातून नेलेली, वर झिप टायनं छान आवळलेली. पोरगं मल्टीमीटर धरून दाखवतंय, "सर, पिनवर बरोबर ५ व्होल्ट आहे ना." अरे भो, मीटर संथ असतो, मिलिसेकंदाचा झटका तो दाखवत नाही, पण चिपला तो दिसतो, कारण पिन १.५ व्होल्टच्या खाली गेली की ती लो धरलीच म्हणून समज. मग त्याला छोटा कोड लिहायला लावला, पिन एकदा जरी लो झाली तर एलईडी पेटायचा आणि पेटलेलाच राहायचा. लाइटीची रात्रपाळी होती, शेजारच्या शेतात स्टार्टर दाबला, इकडे खट्‌कन एलईडी पेटला. त्यात एकदा चालू झाली की मोटार निदान पंधरा मिनिटं चालवायचीच असं त्यानं कोडात लिहिलेलं, म्हणजे एक झटका आणि पंधरा मिनिटं पाणी.

अशा ठिकाणी मी पिन वायरला थेट जोडतच नाही. वायरवर १२ व्होल्ट, १ केचा रेझिस्टर, पीसी८१७ ऑप्टोकपलरचा (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारी, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारी चिप) आतला एलईडी आणि फ्लोट स्विच, सगळं सिरीजमध्ये. साधारण ११ मिलिअँप वाहतो, तेवढा करंट हलवणं इकडून तिकडून घुसणाऱ्या झटक्याला सोपं नाही, आणि फ्लोटच्या काँटॅक्टवर साचलेला थरही तोडला जातो, जे ०.१ मिलिअँपला जमत नाही. ऑप्टोच्या दुसऱ्या बाजूला, बोर्डाशेजारी, ४.७ केचा पुल-अप. कोडात दोन सेकंद सलग लो असेल तरच खरं मानायचं, टाकी काही पळून जात नाही. आणि वायर वेगळ्या पाइपातून, याला पर्याय नाही, कितीही कंटाळा आला तरी. (१२ व्होल्ट थेट पिनला लावू नका, हे सांगावं लागू नये पण लागतं.) घरातल्या घरात चार-पाच मीटर असेल तर एवढं नाटक नको, बोर्डाशेजारी २.२ केचा पुल-अप आणि पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड, पुष्कळ झालं.

दुसरी लाडकी चूक आयटूसीवाली, म्हणजे एसडीए आणि एससीएल या दोनच तारांवर बरीच मॉड्यूल जोडायची पद्धत. ओएलईडी डिस्प्ले, डीएस३२३१ घड्याळ, हवेच्या दाबाचा बीएमपी२८०, एलसीडीचं मागचं बोर्ड, हालचालीचा सेन्सर एमपीयू६०५०, सगळं एकाच एसडीए-एससीएलवर. आता यातल्या बहुतेक मॉड्यूलवर आधीच पुल-अप बसवलेले असतात, कुठे ४.७ के, कुठे १० के, आणि ते सगळे पॅरलल होतात. पाचही ४.७ केचे निघाले तर झाले ९४० ओहम. ५ व्होल्टवर ते ५ मिलिअँपच्या वर जातं, आणि आयटूसीच्या नियमात साध्या चिपनं लाइन ०.४ व्होल्टपर्यंत खाली ओढताना ३ मिलिअँप पेलावा एवढीच अट आहे, म्हणजे ५ व्होल्टला पुल-अप दीड केच्या खाली जायला नको. वर आमचे उत्साही लोक बाहेरून अजून दोन ४.७ के लावतात, कारण लेखात लिहिलं होतं! मग एखादा सेन्सर लाइनवरची मॉड्यूल शोधणाऱ्या स्कॅनमध्ये कधी दिसतो, कधी नाही, आणि बिचाऱ्या मॉड्यूलला डुप्लिकेट म्हणून शिव्या.

उलट बाजूनं पण गंमत आहे. वायर लांब झाली की तिची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, वाढते, आणि लाइन वर चढायला पुल-अप गुणिले कपॅसिटन्स गुणिले ०.८५ एवढा वेळ लागतो. २०० पिकोफॅरडवर १० के लावला तर १.७ मायक्रोसेकंद, आणि १०० किलोहर्ट्झला परवानगी आहे फक्त १ मायक्रोसेकंदाची. ४.७ के लावला की ०.८, पास. ४०० किलोहर्ट्झला तर ०.३ मध्येच बसवायचं असतं. माझी सवय साधी आहे, सप्लाय काढायचा, मीटर ओहमवर, एसडीए ते व्हीसीसी (सप्लायची पिन) मोजायचं, तसंच एससीएलचं. २ ते ५ केच्या मध्ये आलं तर हात लावत नाही, कमी आलं तर एक-दोन मॉड्यूलवरचे पुल-अप सोल्डरिंग गननं उडवतो. दोन मिनिटांचं काम आहे पण लोकांना लायब्ररी बदलण्यात दोन दिवस घालवायचे असतात.

बाकीच्या फुटकळ.

रेझिस्टरवरचे पट्टे नीट बघा, ब्राऊन-ब्लॅक-ब्राऊन हा १०० ओहम, ब्राऊन-ब्लॅक-ऑरेंज हा १० के. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मिक्स पाकीट आणलंत की लावायच्या आधी मोजा. १०० ओहम पुल-अप म्हणून लागला तर ५ व्होल्टवर ५० मिलिअँप, रेझिस्टर चटका देतो, आणि लाइन दुसऱ्या पिननं खाली ओढत असाल तर ती पिन पण जाऊ शकते.

बॅटरी वाचवायला १ मेगा लावू नका. पिनची गळती १ मायक्रोअँपपर्यंत असू शकते, म्हणजे १ व्होल्ट तिथेच गेला, वर पावसाळ्यातली ओल आणि धूळ. १०० केपर्यंत जा, बस्स.

एलएम३९३ या दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीचं आउटपुट पुल-अपशिवाय हाय होतच नाही, आयसी खराब नाही.

डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरला ४.७ के, लांब वायरला २.२ के. लायब्ररी -१२७ दाखवत असेल तर सेन्सरचं उत्तरच आलं नाही असं समजा आणि पुल-अप, वायर बघा.

ईएसपी३२ या ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला पुल-अप ३.३ व्होल्टलाच. आणि त्याच्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाहीच, कोडात काहीही लिहा.